चि. सिड यास, शेजाऱ्यांकडून



पत्रास कारण की, तुझ्या नावाने होणारा ओरडा ऐकून ऐकून आम्हा स्टेबलवाल्यांचे कान किटले आहेत. कुणाच्या लॅपटॉपचा आवाज जातो, कुणाचं ब्लूटूथ रुसतं, कुणाचा प्रिंटर काल ओळख दाखवत होता तो आज परक्यासारखा वागतो. चौकशी केली की तुझंच नाव निघतं. समक्ष येऊन बोलावं म्हटलं तर आज भेटलेला सिड उद्या तोच असेल याची खात्री नाही. म्हणून हे खुलं पत्र. सवड मिळेल तेव्हा वाच. तोवर फॉन्ट दिसत असले म्हणजे मिळवली.

तुला न ओळखणाऱ्या वाचकांसाठी आधी थोडी कुळकथा. लिनक्सच्या जगात डेबियन हे जुनं घराणं, १९९३ साली इयन मर्डॉकने उभं केलेलं. त्याच्यानंतर प्रकल्पाची धुरा ब्रूस पेरेन्सकडे आली आणि हा गृहस्थ नोकरीला होता पिक्सारमध्ये. १९९५ साली पिक्सारचा ‘टॉय स्टोरी’ आलेला. तेव्हा आपल्या आवृत्त्यांना त्यातल्या पात्रांची नावं द्यायची असं ठरलं. १९९६ची १.१ ही आवृत्ती ‘बझ’ झाली. मग रेक्स, बो, हॅम अशी जी रांग लागली ती २०२३च्या बुकवर्मपर्यंत आणि ९ ऑगस्ट २०२५ला आलेल्या ट्रिक्सीपर्यंत. सगळी गुणी बाळं. कुणाला वेळ लागला (वूडी २००२ साली निघाल्यावर सार्जने घराबाहेर पाऊल टाकायला जवळजवळ तीन वर्षं घेतली), पण एक दिवस सगळी लोकांकडे नांदायला गेली. एकटा तू मागे राहिलास. कायम घडत राहणाऱ्या, कधीच घडून न होणाऱ्या शाखेला नाव हवं होतं, आणि सिनेमात शेजारच्या घरी सिड नावाचं एक कार्टं होतंच. काळा टी-शर्ट, त्यावर कवटी, दातांना तारा आणि हौस एकच, खेळणी मोडायची. बाहुलीचं डोकं उपटून लोखंडी कोळ्याच्या पायांवर बसवायचं, बझच्या पाठीला रॉकेट बांधायचं. तुझं बारसं करणाऱ्यांनी पत्रिका पाहूनच नाव ठेवलं असणार.

आणि घराण्याची रीतही अशी की प्रत्येक नवी वस्तू आधी तुझ्याच हातात. पॅकेज कुठलंही असो, पहिल्यांदा येतं ते तुझ्याकडे. ते किती निकडीचं आहे यावर दोन, पाच किंवा दहा दिवस तू त्याच्याशी झटापट करायची. तेवढ्यात कुणी गंभीर बग नोंदवला नाही तर ते पुढे ‘टेस्टिंग’मध्ये सरकतं. साधारण दोन वर्षांनी टेस्टिंगची दारं लावून घेतात, महिनोन्महिने बसून बग निवडतात, आणि मग जे हाती लागतं ते आमचं ‘स्टेबल’. ट्रिक्सीत अशी सत्तर हजारांच्या घरात पॅकेजं आहेत. एकदा बाहेर पडलं की आवृत्ती सहसा हलत नाही. सुरक्षेचं भोक पडलं तर जुन्याच आवृत्तीला ठिगळ लावून देतात. हे तीन वर्षं चालतं आणि पुढची दोन वर्षं दुसरी मंडळी ते काम उचलतात. या व्यवस्थेत आमच्या वाट्याला झोप आली आहे आणि तुझ्या वाट्याला गोंगाट.

आता आरोपांकडे येऊ.

मार्च २०२४मधले तुझे प्रताप बखरीत नोंदवण्याजोगे आहेत. ३२ बिटांच्या यंत्रांत वेळ मोजायला दिलेली जागा १९ जानेवारी २०३८ला संपते, म्हणून डेबियनने ती रुंद करायचं काम काढलं. काम चांगलं, वेळेआधी चौदा वर्षं काढलेलं, म्हणजे सरकारी पद्धतीच्या नेमकं उलट. त्यासाठी शेकडो लायब्रऱ्यांच्या नावांना ‘टी-६४’ असं शेपूट जोडावं लागलं, आणि ही सगळी शेपटं बसवली गेली ती तुझ्या अंगणात, एकेक करून, जसजसं जमेल तसतशी. अर्धी घरं नव्या नावाची आणि अर्धी जुन्या, त्यामुळे कोण कुणावर अवलंबून आहे याचा पत्ता कुणाला लागेना.

त्या दिवसांत सकाळच्या चहाबरोबर अपग्रेड करायची सवय असलेल्या माणसाचं काय व्हायचं ते सांगतो. तो टर्मिनलमध्ये डेबियनच्या पॅकेज-व्यवस्थापकाला ‘ॲप्ट फुल-अपग्रेड’ अशी आज्ञा देई. समोर याद्या येत. ही पॅकेजं काढून टाकली जाणार. ही नव्याने येणार. आणि ही बदलणार. सगळी नावं एकाच रंगात, एकाला एक चिकटलेली, ओळीमागून ओळ. त्या काढून टाकायच्या यादीवरून सावकाश नजर फिरवली तर ओळखीची नावं दिसायला लागत: आपलं पत्रं लिहायचं सॉफ्टवेअर, आपला व्हिडिओ प्लेयर आणि मध्येच कुठेतरी, गर्दीत अंग चोरून उभा असलेला, आपला अख्खा डेस्कटॉप. सर्वांत खाली एक नम्र प्रश्न, पुढे जायचं का? त्यापुढे चौकटी कंसात मोठ्या लिपीतला वाय आणि धाकट्या लिपीतला एन. मोठा वाय म्हणजे नुसतं एंटर दाबलं तरी होकार समजला जाईल. आणि सकाळी चहाचा कप एका हातात असलेल्या माणसाचा दुसरा हात कुठे असतो ते तुला चांगलं माहीत आहे.

पुढच्याच महिन्यात ॲप्टच्या विकासशाखेत काढून टाकायची नावं लाल रंगात दाखवायला सुरुवात झाली. तुझ्यामुळे झाली असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. संशय घ्यायला पुरावा लागत नाही.

यावर तुझं उत्तर ठरलेलं: मी कुणाला बोलावलं होतं? खरं आहे. डेबियनच्या कागदपत्रांत तुझ्याबद्दल इशारे आहेत, तुझ्यासाठी सुरक्षा-पथक वेगळं काम करत नाही हेही सांगितलं आहे. त्यातून काय फरक पडतो? उद्या सबमिशन असलेला इंजिनिअरिंगचा पोरगा रात्री अकरा वाजता वाचतो ते इशारे नाहीत, आवृत्तीचे आकडे. स्टेबलमध्ये अमुक प्रोग्राम चारवर अडकलाय आणि सिडमध्ये सहावर गेलाय. सहा मोठा की चार? गणित इथेच संपतं. सहाव्या आवृत्तीत आपल्याला हवं असं नेमकं काय आहे हे विचारलं तर तो तुमच्याकडे असा बघतो की जणू लग्नाच्या पंगतीत तुम्ही जिलबी कशाला म्हणून विचारलंत. मग पारदर्शक टर्मिनल, मागे जपानी डोंगराचं चित्र, त्याचा फोटो मित्रांना रवाना, आणि पहाटे तीनला तोच पोरगा फोनवर शोधतोय की ग्राफिक्सचा ड्रायव्हर परत कसा आणावा. सबमिशन पेनड्राइव्हवर होतं का? नव्हतं. तुला काय त्याचं!

याहून शहाणी (स्वतःच्या मते) माणसं तुला घरात घेत नाहीत, फक्त खिडकीतून तुझ्याकडून एक वस्तू मागून घेतात. ॲप्टच्या यादीत एक ओळ स्टेबलची, खाली एक ओळ तुझी. एकच पॅकेज तर हवंय! त्या एका पॅकेजला नवी सी-लायब्ररी लागते. सी-लायब्ररीवर बाकी सगळं उभं. आणि आठवड्याभरात जे तयार होतं त्याला डेबियनवाले स्वतःच ‘फ्रँकेनडेबियन’ म्हणतात. बाहुलीचं डोकं आणि कोळ्याचे पाय. बॅकपोर्ट्स नावाची सोय आहे, जिथे टेस्टिंगमधलं नवं पॅकेज स्टेबलसाठी नव्याने बांधून देतात, अगदी कर्नलसुद्धा. लागणाऱ्या लायब्रऱ्यांसकट प्रोग्राम वेगळा आणून देणारं फ्लॅटपॅक आहे. पण त्यात थरार कुठला?

आणि आता तो गुन्हा, ज्यासाठी तुला खरं तर अंगठे धरून उभं करायला हवं होतं.

एक्सझेड हे फायली दाबून लहान करणारं बिनचेहऱ्याचं, निमूट सॉफ्टवेअर. ते सांभाळणारा मुख्यतः एकच माणूस, लासे कोलिन, फावल्या वेळात. त्याला मदत करायला ‘जिआ तान’ नावाने कुणीतरी आलं, दोनएक वर्षं सज्जनपणे राबलं, विश्वास कमावला, चाव्या हातात घेतल्या. फेब्रुवारी २०२४च्या अखेरीस ५.६.० आणि मार्चमध्ये ५.६.१ अशा आवृत्त्या निघाल्या. त्यांच्या चाचणीच्या फायलींत चोरवाट दडवलेली होती. डेबियनमध्ये दूरवरून लॉगिन करून देणारा एसएसएच सर्व्हर तेव्हा सिस्टिमडीच्या लायब्ररीमार्फत याच एक्सझेडला हात लावत असे, त्यामुळे ज्याच्याकडे योग्य किल्ली त्याला सगळं घर मोकळं. चोराचे साथीदार (किंवा तोच, वेगळ्या नावाने) नवी आवृत्ती लवकर घ्या म्हणून डेबियनच्या मागे लागले होते. आणि तू? तू दार उघडलंस, पाट मांडलास आणि चहा ठेवलास. टेस्टिंगपर्यंत त्याला पोचवून दिलंस. आमच्या बुकवर्मकडे तेव्हा जुनाट ५.४.१ होतं. आम्ही वाचलो ते हुशारीने नव्हे, निव्वळ शिळेपणाने.

हे कळलं त्या दिवशी आम्ही सगळे काठ्या घेऊन तुझ्या दाराशी यायला निघालो होतो. पण चोर पकडला कुणी हे विचारल्यावर काठ्या जरा खाली आल्या. आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा प्रोग्रामर, मायक्रोसॉफ्टच्या नोकरीतला, वेगाच्या चाचण्या घेत होता. त्याला दिसलं की एसएसएचचं लॉगिन उगाच प्रोसेसर खातंय आणि नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त घेतंय. अर्धा सेकंद! आमच्याकडे बँकेची वेबसाइट अर्धं मिनिट फिरत राहिली तरी आपण मुकाट बसतो. हा गृहस्थ खणत गेला आणि २९ मार्च २०२४ला, गुड फ्रायडेच्या दिवशी, त्याने सगळ्या जगाला सांगितलं. त्याने ही लक्षणं पाहिली होती ती डेबियन सिडवर.

म्हणजे तुझ्याच अंगणात, तुझ्याच धुळीत, तुझ्याच एका खेळगड्याने. उबुंटूची दीर्घ मुदतीची २४.०४ आवृत्ती तेव्हा तोंडावर आली होती. तिची बीटा एक आठवडा पुढे गेली. अर्धा सेकंद कुणाला खुपला नसता तर ही चोरवाट एक दिवस आमच्याकडे रीतसर, सही-शिक्क्यानिशी, ‘स्थिर’ म्हणून आली असती, आणि आम्ही तिला पाच वर्षं ठिगळं लावून जपलं असतं.

ही नुसती भीती नाही, तसं पूर्वी झालेलं आहे. २००६ साली व्हॅलग्रिंड नावाच्या तपासनीसाने सुरक्षेच्या किल्ल्या घडवणाऱ्या ओपनएसएसएलबद्दल कुरकुर केली, तेव्हा डेबियनमध्ये ती थांबवायला कोडमधल्या ओळी गाळल्या गेल्या. त्या ओळींबरोबर यदृच्छेचा जवळजवळ सगळा साठा गेला. किल्ल्या घडवायला उरला तो फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे एका जातीच्या जेमतेम बत्तीस हजार किल्ल्या. ती आवृत्ती तुझ्याकडे आली, तू खुशाल पुढे पाठवलीस, एप्रिल २००७मध्ये ती ‘एच’ या स्टेबलमध्ये जाऊन बसली, आणि लुसियानो बेयोने शोधून काढल्यावर मे २००८मध्ये जगाला कळलं. वर्षभर आम्ही जगातल्या सर्वांत स्थिर आणि सर्वांत सहज उघडणाऱ्या कुलपांमागे घोरत होतो. फ्रॉइंडला संशय आला त्या लक्षणांमध्येही व्हॅलग्रिंडची कुरकुर होतीच. पहिल्या खेपेला त्याला गप्प केलं, दुसऱ्या खेपेला कुणीतरी ऐकून घेतलं.

तेव्हा आमच्या बाजूच्या सभ्यपणाचाही जरा पंचनामा झालेला बरा. ‘स्टेबल म्हणजे बिनघोर’ असं आमच्यातले पुष्कळ जण मिशीला पीळ देऊन सांगतात. डिसेंबर २०२३मध्ये डेबियनची १२.३ ही दुरुस्तीची आवृत्ती निघता निघता थांबवावी लागली, कारण तिच्यातल्या ६.१.६४ कर्नलमध्ये एक्स्ट४ फाइलव्यवस्थेतला डेटा बिघडवणारा बग होता. दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, थेट १२.४ आली. तुझा त्यात काडीचा हात नव्हता. आणि एक्सस्क्रीनसेव्हरच्या लेखकाची कथा तर आमच्या तोंडाला काळं फासणारी. त्याने कित्येक वर्षांपूर्वी दुरुस्त केलेल्या बगांच्या तक्रारी स्टेबलवाले त्याच्याकडेच करत राहिले. वैतागून त्याने प्रोग्राममध्ये सूचना घातली की तुमची आवृत्ती फार जुनी झाली आहे. २०१६ साली डेबियनमध्ये ती सूचनाच काढून टाकायची चर्चा सुरू झाली, तेव्हा तो म्हणाला, मग माझं सॉफ्टवेअरच काढून टाका. शिळं वाढायचं आणि शिळं आहे म्हणणाऱ्याचा आवाज बंद करायचा, हा उद्योग आमचा. तू निदान मोडलं तर मोडलं म्हणून सांगतोस.

वर सेंटओएस या दुसऱ्या लिनक्सवाल्यांचं उदाहरण आहेच. त्यांनी तर स्थैर्याची परमावधी निवडली होती: आठवी आवृत्ती, २०२९पर्यंतचा शब्द. ८ डिसेंबर २०२०ला सांगण्यात आलं की २०२१ संपताच ती संपेल, पुढे ‘स्ट्रीम’ वापरा. तुझ्या वाऱ्यालाही उभं न राहणाऱ्या माणसांची रातोरात धावपळ झाली.

माझं म्हणणं एवढंच की मोडतोड कुणालाच चुकत नाही, ती कधी अंगावर घ्यायची एवढंच निवडता येतं. तुझ्याकडे ती रोज चिमूटभर मिळते, ऐन कामाच्या वेळीही. आमच्याकडे दोन वर्षांची साठवून एका शनिवारी मिळते, आणि तो शनिवार आम्ही कॅलेंडरवर स्वतः ठरवतो. त्यामुळे ज्या यंत्रावर दुसऱ्याचं पोट चालतं, दवाखान्याची बिलं, सोसायटीचा हिशेब, काकांची पेन्शनची कागदपत्रं, त्याच्या आसपास तू फिरकायचं नाहीस. तिथे स्टेबल, आणि ठरलेल्या शनिवारी अपग्रेड. त्यासाठी कुणी मला पुराणमतवादी म्हटलं तर खुशाल म्हणू दे. मात्र ज्याला ॲप्टची काढून टाकायची यादी शेवटपर्यंत वाचायचा संयम आहे, ज्याला ‘एन’ दाबून चार दिवस थांबता येतं, जो ॲप्ट-लिस्टबग्ज बसवून आधी तक्रारी वाचतो आणि मोडलेलं सापडलं की शिव्या देण्याऐवजी बग नोंदवतो, त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर तुला जरूर ठेवावं. अशी माणसं तुझ्याकडे नसतील तर आमच्याकडे जे येईल ते कुणीच न तपासलेलं असेल. तुला शिव्या घालणाऱ्या आमच्या मंडळींपैकी कितींनी आयुष्यात एक तरी बग नोंदवला आहे, हे विचारून मी सोसायटीची सभा उधळू इच्छित नाही.

राहिली मधली वाट, ‘टेस्टिंग’. ना फार जुनी, ना फार नवी, म्हणून मध्यमवर्गाला फार भावते. तिचं दुखणं असं की तुझ्याकडे मोडलेलं दुसऱ्या दिवशी दुरुस्त होतं; तीच दुरुस्ती टेस्टिंगला मिळायला मात्र रांगेत दिवस काढावे लागतात, सुरक्षेची असली तरी बऱ्याचदा. तुझा उपद्रव तिथेही पोचतो, तुझी चपळाई पोचत नाही. दारं बंद झाल्यानंतरचे अखेरचे काही महिने तेवढी ती राहायला छान असते.

सध्या ट्रिक्सीनंतरचा ‘फोर्की’ तुझ्या हाताखाली घडतोय असं ऐकतो. त्याला जरूर तेवढा आपट. पण जे काही मोडायचं ते आत्ताच मोड, दारं बंद झाल्यावर नको. वडीलधाऱ्यांना नमस्कार सांग, लहानांना हात लावू नकोस.

तुझा,
एक स्टेबलवाला शेजारी

ता. क. – आमच्यातल्या काही अतिसज्जनांनी ॲप्टच्या फाइलमध्ये ‘बुकवर्म’ न लिहिता नुसतं ‘स्टेबल’ लिहून ठेवलं होतं. ९ ऑगस्ट २०२५नंतर त्यांनी नेहमीसारखं अपडेट मागितलं तेव्हा ॲप्टने विचारलं की नाव बदलून ट्रिक्सी झालंय, चालेल का? त्यांनी सवयीने हो म्हटलं आणि पुढची कमांड दिली. दीडएक हजार पॅकेजं उतरायला लागली तेव्हा त्यातल्या एकाने मला फोन करून तुझंच नाव घेतलं. या एका बाबतीत तू निर्दोष आहेस, असं मी त्याला सांगितलं आहे.